लग्नातली रबडी: पेपरात १५, माझ्या यादीत ९७. मग देशाचा आकडा कोण काढतं?

मोजणीदार (मंगळवार, रात्री १०.१४)

मे महिन्यात पुतणीचं लग्न झालं. नागपूरच्या रिंग रोडवरचं लॉन, दिवस मावळला तरी भट्टीच्या तोंडाशी उभं राहावं तसा उकाडा. पंगत नव्हतीच, बुफे होता. जेवणं साडेआठला सुरू झाली. साडेअकराच्या सुमारास वरातीतल्या दोन पोरांनी पार्किंगमध्ये उलट्या केल्या, तेव्हा सगळ्यांनी भलताच अर्थ काढला आणि हसले. एक वाजेपर्यंत हसणारेही खाली बसले होते.

तिसऱ्या दिवशी पेपरात दोन इंचांची बातमी आली: ‘लग्नसमारंभात १५ जणांना विषबाधा’. मी सांख्यिकीच्या खात्यात ३१ वर्षं काढली. चुकीची बेरीज दिसली की मला जेवण जात नाही. आमच्या एका मजल्यावरच १५ पेक्षा जास्त माणसं पोट धरून पडली होती!

म्हणून गूगल फॉर्म केला आणि दोन्हीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर टाकला. काय काय खाल्लं, किती वाजता, त्रास किती वाजता सुरू झाला, उलटी की जुलाब, ताप होता का, डॉक्टरकडे गेलात का. वहिनी दोन दिवस बोलत नव्हत्या. ‘घरची इज्जत चव्हाट्यावर मांडायला निघाले’ म्हणे. व्याह्यांकडून मात्र उत्तरं भराभर आली. त्यांना आमच्यावर पुरावाच हवा होता बहुतेक.

एकूण २२३ उत्तरं मिळाली, आजारी ९७. सगळ्यांचा राग पनीरवर होता, पण पनीर आजारी पडलेल्यांनी जितकं खाल्लं होतं तितकंच धडधाकट राहिलेल्यांनीही. फरक पडला तो रबडीत. रबडी खाल्लेले १३८, त्यांतले ९१ आजारी, म्हणजे शंभरात ६६. न खाल्लेले ८५, त्यांतले ६ आजारी, म्हणजे शंभरात ७. निम्म्या लोकांना त्रास जेवणानंतर साडेतीन तासांच्या आत सुरू झालेला. उलट्या जास्त, जुलाब कमी, ताप जवळपास कोणालाच नाही.

पुढची उतरंड बघा. ९७ पैकी डॉक्टरकडे गेले ३४. रात्रभर सलाईनवर ९. शौचाचा नमुना तपासायला दिला दोघांनी, आणि त्यांचाही रिपोर्ट आणायला कोणी गेलं नाही. पेपरातले १५ म्हणजे एका दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत त्या रात्री नाव नोंदवलेले.

एका लग्नात जर ९७ चे १५ होतात, तर १४० कोटींच्या देशात अन्नातून किती जण आजारी पडतात आणि किती मरतात हे कोण मोजतं, आणि कसं? जाणकारांनी सांगावं.

तर्रीवाला (मंगळवार, रात्री १०.५१)

काका, नागपुरात मे महिन्यात रबडी ठेवणारा आचारी अन् खाणारा पाहुणा, दोघंही सारखेच हिंमतवाले. पण एक सांगा, आता यादी करून काय करून राहिले? रबडी तं गेली नालीत.

सांबारवडी (मंगळवार, रात्री ११.२०)

मी स्वतः छोटी ऑर्डर घेते (बारशी, डोहाळजेवणं, दीडशे पानांपर्यंत), म्हणून लिहिते. रबडी सकाळीच आटवतात. पन्नास लिटर दूध आटवलेला गंज खाली उतरवला की तो थंड व्हायला किती वेळ लागतो, हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं. बर्फाच्या लादीवर ठेवला तरी बाजूनं गार आणि मधून कोमट. त्यात मलईचे लच्छे हातानं मोडायचे. त्या हाताला कापलेलं असेल, नख पिकलेलं असेल तर संपलंच. मी आता परातीत पातळ पसरून गार करते, मग डीप फ्रीजमध्ये. जागा खूप लागते, पण झोप लागते.

आणि दुसरी बाजूही सांगते. मागे एका कार्यात दोन मुलांना उलट्या झाल्या. उन्हातून आल्याआल्या तीनतीन ग्लास सरबत प्यायली होती. तेवढ्यावरून पार्टीनं माझी निम्मी बाकी बुडवली. अशी यादी तेव्हा कोणी केली असती तर माझा जीव तरी वाचला असता. म्हणून तर्रीवालेभाऊ, यादीचा उपयोग असतो.

डॉ_उमरेडकडचा (बुधवार, सकाळी ७.०५)

मोजणीदारकाका, तुम्ही जे केलंत त्याला आमच्या पुस्तकात अटॅक रेटची (शंभरात किती आजारी पडले याची) तुलना म्हणतात. उद्रेक तपासताना पहिलं कामच ते. चार तासांच्या आत उलट्या, ताप नाही, दुधाचा पदार्थ, हाताचा संबंध: स्टॅफिलोकोकस ऑरियस डोळ्यांसमोर येतो. हा जंतू पदार्थात वाढताना विष सोडतो, आणि ते विष पुन्हा उकळलं तरी जात नाही. त्रास अर्ध्या तासापासून आठ तासांत कधीही सुरू होतो. साल्मोनेला असता तर बहुतेकांना दुसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर त्रास झाला असता आणि तापही आला असता. तरी नमुन्याशिवाय मी ‘संशयित’च लिहीन.

आता मोजणीचं. २००४ पासून आपल्याकडे एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम आहे, आयडीएसपी. गावपातळीवर आरोग्यसेविका लक्षणं पाहून भरते तो एस फॉर्म, डॉक्टर निदानाच्या अंदाजावर भरतो तो पी, आणि प्रयोगशाळेचा एल. आठवड्याला जिल्ह्यावरून राज्याकडे, तिथून दिल्लीला जायचं. एप्रिल २०२१ पासून हे सगळं आयएचआयपी नावाच्या पोर्टलवर गेलं आणि रोगांची यादी १८ वरून ३३ वर आली.

पण खोच इथे आहे. माझ्याकडे एकटादुकटा हगवण-उलटीचा पेशंट आला की तो ‘तीव्र अतिसार’ म्हणून जातो. तो पाण्यातून आला, अन्नातून आला की हातातून, हे मला ओपीडीत कळत नाही. ‘अन्नविषबाधा’ हा शब्द लागतो तो एकाच जेवणातून बरेच जण एकदम आले तर, उद्रेक म्हणून. आयडीएसपीच्या साप्ताहिक उद्रेकांच्या यादीत अतिसार आणि अन्नविषबाधा नेहमी वरच असतात, पण त्यात फक्त उद्रेकातले रुग्ण मोजलेले असतात, एकटेदुकटे नाहीत. घरी शिळी खिचडी खाऊन दोन दिवस आडवा पडलेला माणूस त्यात कुठेच नाही. आणि खाजगी दवाखान्यांतून नोंद किती येते, यावर मी इथे बोलत नाही. नोकरी करायची आहे अजून.

शंकासुर (बुधवार, सकाळी ९.३२)

अमेरिकेत म्हणे दर सहापैकी एक माणूस दरवर्षी अन्नातून आजारी पडतो. एवढी स्वच्छता, एवढे हातमोजे, तरी! आणि आपण रामनवमीच्या शोभायात्रेत दहा ठिकाणचा मठ्ठा पितो, सक्करदऱ्याला उघड्यावरचं सगळं खातो, आपल्याला काही होत नाही. आपली पोटं मजबूत आहेत, एवढाच याचा अर्थ. उगाच आकड्यांचा बाऊ.

अटलांटाकर_मंजू (बुधवार, संध्याकाळी ६.४८)

शंकासुर, मी धरमपेठेतली, आता अटलांटात सार्वजनिक आरोग्यात काम करते. तो ‘सहापैकी एक’ आकडा कसा आला ते सांगते, म्हणजे पोटांच्या मजबुतीचा निकाल लागेल.

सीडीसीनं (अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेनं) २०११ मध्ये जाहीर केलेला अंदाज असा: वर्षाला ४ कोटी ८० लाख आजारी, १ लाख २८ हजार दवाखान्यात भरती, ३ हजार मृत्यू. ही शिरगणती नाही. काकांनी सांगितलेली उतरंड तिथेही तशीच आहे. माणूस आजारी पडतो, बहुतेक वेळा डॉक्टरकडे जात नाही, गेला तर शौचाची तपासणी होत नाही, झाली तर जंतू सापडतोच असं नाही. मग ते उलटं चालतात. प्रत्येक पायरीला किती माणसं गळतात हे वेगळं शोधून काढायचं आणि प्रयोगशाळेत सापडलेल्या आकड्याला तेवढ्यानं गुणायचं. साल्मोनेलाचा एक रुग्ण प्रयोगशाळेत सापडला तर बाहेर आणखी सुमारे २९ आहेत असं ते धरतात. ब्रिटनमध्ये तर थेट समाजातल्या लोकांचा अभ्यास केला, तेव्हा पोटाच्या संसर्गाचा राष्ट्रीय नोंदीत आलेला एक रुग्ण म्हणजे समाजात १४७ असं निघालं. काकांचं ९७ ला १५ हे प्रमाण त्यापुढे फारच चांगलं आहे!

गळती मोजायची म्हणून अन्नातून होणाऱ्या संसर्गांवर नजर ठेवणारं फूडनेट हे जाळं उभं केलं. १९९३ मध्ये हॅम्बर्गरमधून ई. कोलाय ओ१५७ हा जंतू पसरला, सातशेहून जास्त आजारी, चार मुलं गेली, त्यानंतर सरकार हललं. दहा ठिकाणं, देशाची साधारण १५ टक्के लोकसंख्या. तिथे प्रयोगशाळा कधी कळवतील याची वाट बघत बसत नाहीत, स्वतः जाऊन नोंदी गोळा करतात. आणि सरळ फोन करून लोकांना विचारलंही, गेल्या महिन्यात जुलाब झाले होते का, डॉक्टरकडे गेलात का. म्हणजे काकांचा गूगल फॉर्म, फक्त पगारी.

मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो तो भाग वेगळाच. त्या ४ कोटी ८० लाखांपैकी ओळखीच्या ३१ जंतूंमुळे झालेले फक्त ९४ लाख. बाकीचे ‘कारण अज्ञात’. मृत्यूंचंही तेच, ३,०३७ पैकी ओळखीच्या जंतूंचे १,३५१. आणि आजारी लोकांचा आकडा खालून २ कोटी ८७ लाख ते वरून ७ कोटी ११ लाख यांत कुठेही असू शकतो, असं त्यांनीच छापलं आहे. पेपरवाले फक्त मधला उचलतात. त्याआधी १९९९ चा अंदाज ७ कोटी ६० लाख आणि ५ हजार मृत्यू असा होता. ‘बघा, विषबाधा कमी झाली’ असं पुष्कळांनी म्हटलं, पण बदलली होती ती मोजायची रीत.

तेव्हा, आपली पोटं मजबूत नाहीत. आपल्याकडे गुणायला खालचा आकडाच नाही.

शंकासुर (बुधवार, रात्री ८.०३)

मान्य. पण मठ्ठा सोडणार नाही.

मोजणीदार (बुधवार, रात्री ८.४०)

मंजूताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. ‘मोजायची रीत बदलली’ हे वाक्य मी नोकरीत किमान शंभर वेळा लिहिलंय आणि प्रत्येक वेळी वरच्या साहेबानं खोडलंय.

मग भारताचा असा अंदाज कोणीच काढत नाही का?

अटलांटाकर_मंजू (गुरुवार, सकाळी ६.१५)

जगाचा काढला आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये, २०१० सालासाठी: ६० कोटी आजारी, ४ लाख २० हजार मृत्यू, त्यांत पाच वर्षांखालची मुलं १ लाख २५ हजार. भारत ज्या आग्नेय आशिया विभागात येतो तिथले १५ कोटी आजारी आणि १ लाख ७५ हजार मृत्यू. पण हेही आजूबाजूच्या अभ्यासांवरून बांधलेलं गणित.

घरोघरी विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही असं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आयांना विचारतात, गेल्या दोन आठवड्यांत लेकराला जुलाब झाले का. २०१९-२१ च्या फेरीत ७.३ टक्के मुलांना झाले होते. मोठ्यांना त्यात कोणी विचारत नाही. आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं) ईशान्येत, म्हणजे अरुणाचल, आसाम, सिक्कीम, त्रिपुरात, अन्नातून होणाऱ्या आजारांसाठी वेगळं जाळं उभारलंय, तिथे नमुना प्रत्यक्ष प्रयोगशाळेत जातो. विदर्भात तसं काही झालं तर मी पहिल्या विमानानं येईन.

आणि काका, एक टोचते. तुमच्या लग्नाला सहाशे तरी माणसं असतील. २२३ जणांनीच फॉर्म भरला. ज्याला त्रास झाला तो हौसेनं भरतो, ज्याला झाला नाही तो कंटाळा करतो. तुमचे ६६ टक्के थोडे फुगलेले असू शकतात. रबडीवरचा संशय मात्र त्यानं हलत नाही.

वकील_सिव्हिललाइन्स (गुरुवार, सकाळी ११.२७)

कायद्याचं थोडक्यात. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६. कलम ३५: अन्न सुरक्षा प्राधिकरणाला अधिसूचना काढून एखाद्या भागातल्या नोंदणीकृत डॉक्टरांवर विषबाधेचे सगळे प्रकार कळवण्याचं बंधन घालता येतं. ‘घालता येतं’, हे शब्द नीट वाचा. कलम ६५: असुरक्षित अन्नानं मृत्यू झाला तर भरपाई किमान ५ लाख, गंभीर इजा झाली तर ३ लाखांपर्यंत, बाकी इजेला १ लाखापर्यंत. अशिलांना हे आकडे पाठ असतात. पण त्यासाठी त्या अन्नामुळेच झालं हे सिद्ध करावं लागतं, आणि इथे तर लॉनवाल्यानं रात्रीतच गंज घासून पालथे घातले असणार.

मोजणीदार (गुरुवार, दुपारी १.०२)

दोन वाजता घासले. मी उभा होतो. आचाऱ्यालाही ‘लवकर आटपा’ मीच म्हणालो, तेव्हा काही सुचलंच नाही.

डॉ_उमरेडकडचा (गुरुवार, दुपारी ३.३३)

पुढच्या वेळी कोणावरही अशी वेळ आली तर: उरलेला प्रत्येक पदार्थ स्वच्छ, कोरड्या डब्यात काढून फ्रीजमध्ये ठेवा (फ्रीझरमध्ये नको), डब्यावर नाव आणि वेळ लिहा, आणि पालिकेच्या किंवा जिल्ह्याच्या आरोग्य विभागाला आणि अन्न व औषध प्रशासनाला रात्रीच फोन करा. उलटीचासुद्धा नमुना चालतो. अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी शौचाचा नमुना द्या.

भगरीचंही लिहितो, एकादशी येतेय. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या सोमठाण्याला सप्ताहात भगर-आमटीचा प्रसाद खाऊन शेकडो माणसं आजारी पडली. दोऱ्या बांधून सलाईनच्या बाटल्या टांगल्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले असतील. भगरीवर दमट हवेत अ‍ॅस्परजिलस बुरशी धरते आणि ती विष तयार करते, हे प्रशासन दर सणाला सांगतं. जुनी, सुटी, दळून ठेवलेली भगर घेऊ नका. हा उद्रेक देशभर दिसला, कारण सगळे एका गावात एका वेळी पडले. काकांच्या लग्नाची माणसं रातोरात अमरावती, गोंदिया, चंद्रपूर, छिंदवाड्याला पांगली. चार जिल्हे, दोन राज्यं. छिंदवाड्याच्या डॉक्टरला एक पेशंट दिसला, गोंदियाच्या डॉक्टरला दोन. त्यांना जोडणारा धागा फक्त लग्नपत्रिका.

तर्रीवाला (गुरुवार, दुपारी ४.१०)

डॉक्टरसाहेब, हे मस्त समजलं. अन् मेलेल्या माणसाचं काय? त्याची नोंद तं पक्की होते ना? मसणात गेल्यावर तं कोणी लपवत नाही.

मोजणीदार (गुरुवार, रात्री ११.४८)

तर्रीवालेभाऊ, हे लिहायचं की नाही याचा दोन दिवस विचार करत होतो.

वरोऱ्याची आमची आत्या लग्नाला आली होती. वय ७८, साखर, किडनीचं थोडं दुखणं. परतताना गाडीत उलट्या झाल्या, सगळ्यांना वाटलं गाडी लागली. दोन दिवस काही पोटात ठरलं नाही, लघवी कमी झाली. तिसऱ्या दिवशी गावातल्या खाजगी दवाखान्यात नेलं. पाचव्या दिवशी गेली. मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यावर एकच ओळ आहे: ‘कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट’. हृदय आणि श्वास थांबला.

डॉक्टर, हे बरोबर आहे का?

डॉ_उमरेडकडचा (शुक्रवार, सकाळी ६.५०)

काका, वाईट वाटलं.

उत्तर द्यायचं तर, नाही. हृदय सगळ्यांचंच थांबतं. त्या दाखल्याचा छापील फॉर्म म्हणजे नमुना ४, दवाखान्याबाहेर मृत्यू असेल तर ४अ. त्यावर एकाखाली एक ओळी असतात. वरच्या ओळीत शेवटचं कारण, खाली ते कशामुळे, त्याखाली तेही कशामुळे. मरण्याची पद्धत लिहू नका, अशी सूचना त्याच कागदावर छापलेली असते. तुम्ही सांगता तसं असेल तर वर किडनी निकामी, खाली शरीरातलं पाणी कमी होणं, त्याखाली तीव्र उलट्या, अन्नातून झाल्याचा संशय. साखर फॉर्मच्या दुसऱ्या भागात. सांकेतिक क्रमांक देणारा माणूस सगळ्यात खालच्या ओळीवरून मूळ कारण धरतो. खालच्या ओळी कोऱ्या असतील तर त्याच्या हातात काहीच नाही.

आणि असा कागद तरी किती जणांना मिळतो? २०२० च्या अहवालात, देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरनं कारण लिहून दिलेले २२.५ टक्के होते. पोलिसांत आकस्मिक मृत्यूची नोंद झाली तर विषबाधा म्हणून तो गृहखात्याच्या एनसीआरबीच्या (गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या विभागाच्या) पुस्तकात जातो, तिथे तो आमच्या उद्रेकाच्या यादीशी ताडून बघायची सोय नाही. आरोग्य, गृह, जन्म-मृत्यू निबंधक, अन्न प्रशासन. चार वह्या, चार टेबलं.

अटलांटाकर_मंजू (शुक्रवार, सकाळी ८.२०)

काका, मनापासून सांत्वन. इथेही म्हातारी माणसं अशीच निसटतात. म्हणूनच २०११ च्या त्या अंदाजात, नोंदीत दिसलेल्या मृत्यूंना सरसकट दोननं गुणलं होतं. दोनच का, याला फार भक्कम आधार नाही. निसटतात एवढं ठाऊक होतं.

तुमच्या ९७ मध्ये आत्या आहेत का?

मोजणीदार (शुक्रवार, रात्री ९.५५)

नाहीत. तेच आज शोधत बसलो होतो.

फॉर्म फोनवर गेला. आत्याकडे फोन नव्हता. तिच्या मुलानं स्वतःपुरता भरला: रबडी नाही, त्रास नाही. आज त्याला फोन केला. म्हणाला, आईनं गोड खाल्लं नसणार, दहा वर्षांत साखरेला हात लावला नव्हता. म्हटलं, मग न खाल्लेल्यांत टाकायची.

तेवढ्यात त्याची आठ वर्षांची मुलगी मागून बोलली. आजीनं माझ्याच वाटीतली खाल्ली, बाबांना सांगू नको म्हणाली. आणि तीही दुसऱ्या दिवशी उलट्या करत होती. तिचाही फॉर्म नाही, मुलांचे आम्ही मागितलेच नव्हते.

सुधारित: एकूण २२५, आजारी ९९. रबडी खाल्लेले १४०, आजारी ९३. न खाल्लेले ८५, आजारी ६. मृत्यूचा रकाना फॉर्मात ठेवलाच नव्हता. आज टाकला. उद्यापासून मुलांसाठी आणि फोन नसलेल्यांसाठी एकेकाच्या घरी फोन करणार आहे. वहिनी म्हणाल्या, छिंदवाड्याकडचे नंबर माझ्याकडे आहेत, ते मी करते.